नायकाचे तोंड दाखवायचे नाही

माझ्या भाचीचा परीक्षेचा लघुपट नापास झाला, आणि त्याला तिचे वडील जबाबदार होते. तिचे वडील म्हणजे माझा धाकटा भाऊ. ही गोष्ट त्याला समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी त्याची थोरली बहीण, त्यातून निवृत्त मुख्याध्यापिका; नापास मुलांच्या पालकांशी बोलण्याचा मला सराव असणार, असा भाचीचा हिशेब होता. सराव होता हे खरे. परंतु पालकच नापासाचे कारण आहे आणि तोच पेपर पुन्हा लिहायला तो स्वतःच हौसेने बसला आहे, असा प्रसंग माझ्या सबंध नोकरीत आला नव्हता.

भाची पुण्यात चित्रपटनिर्मितीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करत होती. शेवटच्या परीक्षेसाठी पाच मिनिटांचा लघुपट करून द्यायचा होता. विषय नेमका होता : एका पात्राचा पडद्यावरचा पहिला प्रवेश. तिने पात्र निवडले ते काळोखात वावरणाऱ्या सुपरहिरोचे. आमच्या भागात बेदाण्याच्या शेडवर चोरी करायला तिघे जण येतात, आणि काळे घोंगडे पांघरलेला कोणी एक त्यांना पळवून लावतो, एवढीच कथा. चित्रीकरण गावी, म्हणजे तासगावपासून जवळ, भावाच्याच शेडमध्ये झाले. घोंगडीवाल्याची भूमिका अर्थातच भावाने केली.

परीक्षकांनी शेरा मारला : "ही मिरवणूक आहे. भीती कुठे आहे?"

बुधवारी सकाळी भाचीचा साताऱ्याला मला फोन आला. "आत्या, मंगळवारपर्यंत मुदत दिलीय. परत करून दे म्हणतात. न्हाई जमलं तर आख्खं वर्ष परत."

"आणि स्टुडिओत कबूल झालेली ती नोकरी?"

"डिप्लोमा हातात असला तरच. तेवढे दिवस कोण थांबतंय माझ्यासाठी?"

मी लघुपट मागवून घेतला आणि चष्मा लावून दोनदा पाहिला. नापास पेपर दोनदा वाचावा, असा माझा नियम आहे. पहिल्या मिनिटाला हलगी वाजू लागते. मग ट्रॅक्टर येतो. त्याच्या चाकावरच्या पत्र्यावर माझा भाऊ एक पाय पुढे टाकून उभा असतो. घोंगडे पाठीमागे उडत असते, मिशांना पीळ असतो, डोळ्यांवर काळा चष्मा असतो. कॅमेरा जवळ जातो तसा तो चष्मा काढतो, डावीकडे पाहतो, उजवीकडे पाहतो आणि चौकटीबाहेरच्या कोणाला तरी मान लववून नमस्कार करतो. यानंतर तिन्ही चोर आपोआप पडतात. मीसुद्धा नापासच केले असते.

"तुला खरे काय करायचे होते?" मी विचारले.

तिने ते फार व्यवस्थित सांगितले, हे मी नमूद केले पाहिजे. "तो वाईट न्हाई, आत्या. पण चोरांच्या नजरेनं बघितलं तर तो भूतच की. मग भुताच्या पिच्चरमध्ये भूत आणतात, तसंच त्याला आणायचं." म्हणजे कसे, असे मी खोदून विचारले. आधी कानांनी आणायचे, मग डोळ्यांनी. जी वस्तू जागेवर असायला हवी ती नाहीशी करायची आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. कॅमेरा भिणाऱ्याच्या तोंडावर ठेवायचा; त्याच्या पाठीमागे अस्पष्ट काहीतरी उभे असते, ते प्रेक्षकाला दिसते, त्याला दिसत नाही. आणि नायकाचे तोंड अजिबात दाखवायचे नाही. "तोंड दिसलं की माणूस झाला, आत्या. माणसाला कोण भितंय?"

मी हे सगळे वहीत उतरवून घेतले. त्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते. शाळेच्या व्हरांड्यात पावले वाजली की वर्ग चिडीचूप होतो. दार उघडून ओळखीचा शिपाई आत आला की पुन्हा गोंगाट सुरू होतो. भीती पावलांत असते, शिपायात नसते.

"हे वडिलांना सांगितलेस?"

"सांगितलं की. तर तात्या म्हनलं, 'व्हय व्हय, समद्यात शेवटी दाखव त्वांड. पन दाखव.'"

शुक्रवारी मी कराडला गाडी बदलून, कडेगाव-विट्यावरून दुपारी गावी पोहोचले. भाऊ अंगणात मिशांना तेल लावत होता. तो सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि आता द्राक्षबाग सांभाळतो. मनाने अत्यंत सरळ आहे. सरळ माणसांना समजावणे फार कठीण असते. ती लगेच "व्हय" म्हणतात आणि मग स्वतःला हवे तेच करतात.

"आक्का, तूच सांग. हिरो हाय का न्हाई मी?"

"आहेस."

"मग हिरोचं त्वांड दाखवायचं न्हाई, ही कुठली रीत? लगनात नवरदेवाला कुडाआड बसवत्यात व्हय?"

"हे लग्न नाही. परीक्षा आहे."

"बावीस वर्सं वर्दीत हुतो. एकबी फोटू काढून बघ. कायम मागच्या रांगंत. आता पोरगीच पिच्चर काढालीया, तर तितंबी मागंच का?"

बोलून पटत नसले की मी प्रात्यक्षिक देते. मी त्याला भिंतीकडे तोंड करून पाटावर बसायला सांगितले आणि त्याच्या पाठीमागे, काही न बोलता, सावकाश येरझारा घालू लागले. मध्येच थांबले. पुन्हा चालले. पुन्हा थांबले, या वेळी त्याच्या अगदी जवळ.

"आक्का, काय करालीस?"

मी आणखी एक पाऊल पुढे टाकले.

"आगं बोल की कायतरी!" तो गर्रकन वळला.

"वळलास आणि मी दिसले. आता भीती वाटते का?"

"बरं," तो म्हणाला, "न्हाई दाखवत त्वांड." आदल्या रात्री पुण्याहून आलेल्या भाचीने आतून सुटकेचा नि:श्वास टाकलेला मला ऐकू आला. वहीत मी लिहिले, 'मुख्य अडचण दूर'. आज ती नोंद वाचताना मला स्वतःचाच राग येतो.

शनिवारी दुपारी चित्रीकरण सुरू झाले. भाचीने दिवसाची वेळ मुद्दाम निवडली होती. बेदाण्याच्या शेडला बाजूंनी हिरवी जाळी असते. बाहेर लख्ख ऊन असले तरी आत पाण्याखाली असल्यासारखा उजेड पडतो. आत जाळ्यांचे मजले एकावर एक बांधलेले, त्यांवर वाळत घातलेली द्राक्षे, आणि दोन रांगांमध्ये माणूस जेमतेम जाईल एवढी बोळ. घाईचे कारणही तेच होते. सोमवारी झाडणी ठरली होती, म्हणजे जाळ्या हलवून वाळलेला माल खाली पाडायचा होता. त्यानंतर शेड नुसता सांगाडा. हातात शनिवार आणि रविवार, एवढेच होते.

चोरांची कामे माझा धाकटा चुलतभाऊ आणि त्याचे दोन मित्र करत होते. चुलतभावाचा टेम्पो आहे आणि तोंडाला कुलूप नाही. प्रसंग असा होता : तिघे क्रेट भरत बसले आहेत, बुटांचे आवाज येतात, थांबतात, आणि बोळीच्या टोकाला पाठीमागून येणाऱ्या उजेडात घोंगडे उभे दिसते. चोरांनी फक्त पाहायचे आणि घाबरायचे.

बूट वाजले. थांबले. घोंगडे उभे राहिले. चुलतभाऊ चटकन उठला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाला, "रामराम तात्या."

"काका!" भाची ओरडली. "तुमी वळखत न्हाई त्यांना! तुमी चोर हाय!"

"व्हय की गं. चुकलंच. परत घे."

दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "रामराम पाव्हणं." आणि घोंगड्यातून माझ्या भावाचा खणखणीत आवाज आला, "रामराम, रामराम! बसा बसा."

तिसऱ्या वेळी चुलतभावाने ओठ दाताखाली दाबून धरले, तर त्याच्या मित्राने रामराम घातला. चौथ्या वेळी कोणी बोलले नाही, पण तिघेही कवायतीत उठावे तसे उठून उभे राहिले.

"उठायचे नाही," मी म्हणाले. "चोर कोणासाठी उठत नाही."

"आवं आक्का, दारात थोरलं मानूस उभं ऱ्हायल्यावर बसून कसं ऱ्हायचं? डोस्क्याला कळतंय, पायाला कळत न्हाई."

पाचव्या वेळी ते बसून राहिले, पण बसल्या जागी माना लवल्या. असे नऊ प्रयत्न झाले. प्रत्येक प्रयत्नापुढे मी चुकीचे स्वरूप लिहीत गेले. जाळीतला हिरवा उजेड काळपट होऊ लागला तशी भाची एका रिकाम्या क्रेटवर बसली. ती रडली नाही. तिने कॅमेऱ्याच्या काचेवर झाकण बसवले आणि म्हणाली, "आत्या, गेलं माझं वर्ष."

चहा घेताना मी वही पुन्हा वाचली. वर्गातल्या सगळ्या मुलांनी एकच चूक केली, तर शिक्षकाने आधी आपला प्रश्न तपासावा. आम्ही या माणसांना दारात आलेल्याची दखल न घेता बसून राहायला सांगत होतो. ते त्यांच्याकडून होणार नव्हते. आमच्याकडे वैऱ्यालाही तेवढा मान दिला जातो. मग नऊ प्रयत्नांत क्षणभर तरी भीती आली होती का, हे मी शोधू लागले. सहाव्या प्रयत्नापुढे नोंद होती : 'लोकर तोंडात गेल्यामुळे भावाच्या उत्तरास विलंब.' तेवढ्या दोन क्षणांत चुलतभावाचा चेहरा उतरला होता. रामराम घातला आणि तो परत आला नाही, याने तो गोंधळला होता.

मी भाचीला म्हणाले, "त्यांना रामराम घालू दे. हवे तितके घालू देत. फक्त उत्तर द्यायचे नाही."

तिने कप खाली ठेवला. "आत्या, आमच्या सरांनासुद्धा हे सुचलं नसतं."

सुचले ते ठीक. पण उत्तर न देण्याचे काम माझ्या भावाकडे होते, हे मी पुन्हा विसरले.

रविवारी पहिल्याच प्रयत्नात तो म्हणाला, "रामराम." दुसऱ्यात त्याने टॉवेलचे टोक दातांत धरले, तर घोंगडे वरून अदबीने लवले. तिसऱ्यात घोंगड्यातून हात बाहेर आला. चौथ्यात काहीच झाले नाही, आम्ही श्वास रोखून राहिलो, आणि शेवटी, अगदी हळू, "रामराम हो."

"तात्याच्या त्वांडात बोळा कोंबा," चुलतभाऊ म्हणाला, "आन् हात बांधा. मग चोर आमी का त्यो, ते एकदा ठरवा."

"गप रं! मी जलमात कुनाचा रामराम बुडवला न्हाई," भाऊ घोंगड्यातून म्हणाला. "आपसूक जातंय त्वांडातनं. मी काय करू?"

दहावा प्रयत्न झाला. उजेड तासाभराचा उरला होता. माझा संयम सुटला आणि मी म्हणाले, "तोंड दिसणारच नाही, तर आत तूच कशाला हवास? काढ ते घोंगडे."

भाची वडिलांकडे पाहत होती. हे वाक्य तिच्या मनात पहिल्यापासून होते आणि वडिलांना ते म्हणणे तिला शक्य नव्हते. तेवढ्यासाठीच तिने मला बोलावले होते, हे मला त्या क्षणी समजले. भावाने घोंगडे काढले. त्याची घडी घातली, सैन्यात शिकवतात तशी, कोपऱ्याला कोपरा लावून. "बरं," तो म्हणाला. "मग घालनार कोन? ह्यी तिघं तर चोर."

"मी," मी म्हणाले. आम्हा दोघांची उंची सारखीच आहे.

घोंगड्याच्या आत भयंकर उकडते आणि लोकर मानेला टोचते. नाकाशी मेंढरांचा आणि सुकत्या द्राक्षांचा वास येत होता. जाळीपलीकडून भाऊ बूट वाजवत चालला, थांबला. मी बोळीच्या टोकाला येऊन उभी राहिले.

"रामराम पाव्हणं," चुलतभाऊ म्हणाला.

कित्येक वर्षे मी वर्गात शिरल्यावर "नमस्ते बाई" ऐकले आहे आणि शेवटच्या बाकावरची कुजबुज थांबेपर्यंत त्याला उत्तर दिलेले नाही. मला काही वेगळे करायचे नव्हते.

"कुठलं म्हनायचं तुमी?"

जाळीवरून एक द्राक्ष खाली पडल्याचा आवाज झाला.

"आवं पाव्हणं… कुनाकडं आलाय? वाट चुकलाय का?" त्याचा आवाज खाली आला. "आमी आपलं… क्रेट भरत हुतो." त्याने पुन्हा, जवळजवळ विनवणी करत, रामराम घातला आणि आधारासाठी मागे पाहिले. मागे त्याचा एकच मित्र होता. दुसऱ्याला भाचीने, चुलतभावाला न सांगता, आधीच खुणेने बाहेर काढले होते. चुलतभावाने त्या रिकाम्या जागेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि क्रेट लाथाडून पळत सुटला. जाळीला खांदा लागला, द्राक्षे सडासडा खाली आली. तो शेडच्या बाहेर, उन्हात जाऊन थांबला.

"झालं!" भाची ओरडली. "आत्या, झालं!"

चुलतभाऊ दम खात परत आला. "आक्का, आत तुमी हाय ह्ये म्हाईत हुतं मला. तरीबी फाटली. पाढं चुकल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत अशाच उभ्या ऱ्हायचा तुमी. आवं, बोलायचं तरी की!"

जाळीपलीकडून भाऊ आला. त्याने विचारले ते एवढेच, "माझं पाय ऐकू आलं का?"

"लय भारी आलं, तात्या," भाची म्हणाली.

"बरं," असे म्हणून तो बुटांच्या नाड्या सोडायला बसला. मला त्याचा राग आला नव्हता. स्वतःचाच आला होता. दोन दिवस जे मी सबुरीने सांगू शकले असते, ते चारचौघांत, असे तोडून सांगण्याची गरज नव्हती. पण 'चुकले' हा शब्द मुख्याध्यापिकेच्या तोंडून लवकर निघत नाही. मी त्याच्या शेजारी बसून दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

भाचीने मंगळवारी लघुपट पाठवला. गुरुवारी सकाळी परीक्षकांचा फोन आला. प्रवेश उत्तम आहे, रामरामचा भाग वर्गात दाखवणार आहेत. पण पावलांच्या आवाजात मागे कुठलीतरी मोटर चालू आहे. उद्या दुपारपर्यंत ती पावले स्वच्छ करून पाठव, म्हणजे पास. नाहीतर त्यांचा नाइलाज आहे.

ती मोटर भावाच्याच विहिरीवरची होती. ती बंद करायचे आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते, आणि माझ्या वहीतही त्याची नोंद नव्हती.

झाडणी होऊन गेली होती. शेड मोकळी होती आणि पाऊल टाकले की घुमत होते. भावाने आधी मोटर बंद केली, मग शेजाऱ्याची बंद करून आला. बूट चढवले आणि भाचीसमोर ताठ उभा राहिला. "किती पावलं? जड का हलकी? थांबायचं कुठं?" या प्रश्नांची अचूक उत्तरे घेतल्याशिवाय तो हलला नाही. पहिल्या वेळी रस्त्यावरून टेम्पोचा हॉर्न आला. वाजवणारा कोण, हे सांगायला नको. दुसऱ्या वेळी नवव्या पावलाला भाऊ खोकला. "पान्याचा घोट घिऊ का?" "घ्या, पण न बोलता." तिसऱ्या वेळी शेवटची दोन पावले त्याने इतकी हळू टाकली की मी, समोर उभी असूनही, मागे वळून पाहिले.

भाचीने कानांवरचे हेडफोन काढले आणि मान हलवली. दुपारी तिने ते ध्वनिमुद्रण पाठवले. संध्याकाळी पास झाल्याचा संदेश आला. भावाने तो तिच्याकडून वाचून घेतला आणि मग खात्रीसाठी माझ्याकडूनही.

शनिवारी ती पुण्याला निघाली. सोमवारी स्टुडिओत हजर व्हायचे होते. आम्ही दोघे तिला तासगावच्या स्टँडवर सोडायला गेलो. तिथे भावाचे ओळखीचे कोणी ना कोणी असतेच.

"काय हवालदार, लेकीचा पिच्चर झाला म्हनं. तुमी कुठं दिसताय त्यात?"

"दिसत न्हाई," भाऊ म्हणाला. "येतोय तेवढं ऐकू येतंय."

हे त्याने एकाला सांगितले, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला पावले टाकून दाखवली. तोवर गाडी लागली, भाची चढली, वाहकाने घंटी दिली, आणि तिची मोठी पिशवी अजून त्याच्याच हातात होती. मी ती हिसकावून घेतली आणि हललेल्या गाडीच्या खिडकीतून आत कोंबली.